अंगावरचा तीळ बदलला तर: सीमाभागातल्या घरांसाठी तपासणीची वाट

अंगावर तीळ नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. तळहातावरचा तीळ पैशाचा, पायावरचा प्रवासाचा, गालावरचा नशिबाचा, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच. जुन्या दाखल्यात, भरतीच्या कागदात 'ओळखीची खूण' म्हणूनही तो लिहिलेला असतो. त्यामुळंच की काय, तीळ म्हणजे कायमची खूण असं आपण धरून चालतो आणि तो हळूहळू पसरायला लागला तरी लक्षात येत नाही.

बहुतेक तीळ जन्मभर काही त्रास देत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. तिळासारख्या दिसणाऱ्या डागातून पुढं येणारा कॅन्सर, म्हणजे मेलानोमा, आपल्या देशात दुर्मिळ आहे. पण झालाच तर तो बऱ्याचदा उशिरा हाती लागतो. एक तर तो जिथं होतो तिथं कुणी बघत नाही. नाहीतर डॉक्टरांनी बघण्याआधीच कुणीतरी तो जाळून टाकलेला असतो. पुढचं बरंचसं लिखाण या दोन गोष्टींभोवती आहे.

इंटरनेटवर तिळाबद्दल जे सापडतं ते बहुतांशी गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेलं असतं: समुद्रकिनारा, उन्हानं भाजलेली पाठ, सनस्क्रीन. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या माणसांत मेलानोमा जास्त करून पायाच्या तळव्यावर, तळहातावर, नखाखाली होतो. कधी तोंडाच्या आतही. या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नाही. म्हणून सनस्क्रीनचं पुराण इथं लावत नाही. आपली सुरुवात पायापासून.

आधी ओळख: कुठला डाग कसला

घरात सगळ्यालाच 'मस' म्हणायची सवय असते, पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि थोडी ओळख असली की निम्मी काळजी तिथंच मिटते.

तीळ लहानपणापासून तिशी-पस्तिशीपर्यंत नवे नवे येत राहतात. सपाट असतात, वयाबरोबर काही उंचही होतात. त्यावर केस असला तर घाबरू नका. केस असलेला तीळ बहुधा साधाच असतो. तो केस उपटू नका, कात्रीनं कापा. उपटल्यानं कॅन्सर होतो ही समजूत खोटी आहे, पण तिथं पू होऊ शकतो.

मानेवर, काखेत लोंबणारे मऊ मस वेगळे. त्यांचा आणि मेलानोमाचा संबंध नाही, पण वजन वाढलेल्या आणि शुगर असलेल्या लोकांत ते जास्त दिसतात. मानेवर असे बरेच मस असतील तर एकदा रक्तातली साखर तपासून घ्या, ते जास्त उपयोगाचं. चामखीळ ही विषाणूमुळं होते आणि पसरते. गालांवर, डोळ्यांखाली बारीक बारीक काळे उंच ठिपके आई, मावशी, मुलगी अशा सगळ्यांनाच असतात, तेही निरुपद्रवी. पन्नाशीनंतर पाठीवर, छातीवर मेणाचा गोळा चिकटवल्यासारखे तपकिरी खरखरीत डाग येतात, ते वयाचे.

शाळकरी मुलांत एक गंमत दिसते: जुन्या तिळाभोवती पांढरं कडं उमटतं. घरचे 'कोड आलं' म्हणून हादरतात. बहुधा शरीरच तो तीळ जिरवत असतं. तरी एकदा दाखवून घ्यावं. मोठ्या माणसाला असं कडं नव्यानं आलं तर मात्र नक्कीच. जन्मतःच मोठं काळं केसाळ लासं असेल, विशेषतः पाठभर किंवा मांडीभर पसरलेलं, तर बाळपणापासून त्वचारोगतज्ज्ञांच्या नजरेखाली ठेवायचं.

चाळिशीनंतर नव्यानं आलेला आणि वाढत राहणारा काळा डाग या यादीत कुठंच बसत नाही. तो दाखवायचाच.

महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी

तारीख लक्षात राहत नाही म्हणून अमावास्या धरा. अमावास्येला नवं काही सुरू करू नये म्हणणारे आहेत. स्वतःचा तळवा बघायला मुहूर्त लागत नाही.

वजरीनं टाच घासून झाली की पाय नीट पुसा आणि उजेडात बसा. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवला की तळवा समोर येतो. टाच, पायाची कमान, बोटांच्या खालचा उंचवटा, मग एकेक बोट फाकवून मधल्या बेचक्या. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवाला हाक मारा. चिखलातली रोपलावणी, रताळ्याचं रान, उसाची भांगलण करणाऱ्यांचे पाय भेगाळलेले आणि माखलेले असतात. भेगेत बसलेली माती आणि डाग यांतला फरक धुतल्याशिवाय कळत नाही. काजू कारखान्यात टरफलाच्या तेलानं हात काळे पडतात, तंबाखूत काम करणाऱ्यांची बोटं पिवळी-तपकिरी होतात. हे रंग कातडीबरोबर निघून जातात. न निघणारा रंग लक्षात ठेवा.

नंतर नखं. नेलपॉलिश आणि मेंदी उतरली असेल तेव्हाच नखं बघण्यात अर्थ आहे. मग तळहात, तोंड (टाळू, हिरड्या, गालाची आतली बाजू), कानामागं, डोक्यात भांग पाडत पाडत, काखा, स्तनांखाली, बेंबी, जांघ, गुप्तांग. पाठ दुसऱ्यानं बघायची. आजीच्या हातावरचं, कपाळावरचं गोंदण असेल तर तेही बघा. गोंदणाच्या निळ्या-हिरव्या रंगात नवा डाग सहज लपतो.

मशेरी लावणाऱ्या बायका आणि तंबाखू खाणारे पुरुष यांच्या तोंडात काळपटपणा येतो, तो बहुधा दोन्हीकडं सारखा असतो. टाळूवर एकाच बाजूला गडद काळा डाग, किंवा कुठंही दोन आठवडे न भरणारं व्रण, पांढरा-लाल चट्टा दिसला तर दाखवा. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडं मेलानोमापेक्षा कितीतरी जास्त आहे. तीळ शोधता शोधता तो लवकर सापडला तरी मिळवलीच.

बदल कशाला म्हणायचं

१९८५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तिळाच्या चार खुणा ठरवल्या आणि २००४ मध्ये पाचवी जोडली. त्या अशा: तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कडा दातेरी किंवा पुसट होत जाते, एकाच तिळात काळा, तपकिरी, निळसर, लाल, पांढरा असे रंग दिसतात, आडवं माप ६ मिलिमीटरच्या वर जातं, आणि पाचवी, तो बदलत राहतो. माझ्या मते घरच्या माणसानं पाचवी एकटी पक्की लक्षात ठेवली तरी चालेल. आकार, रंग, उंची, खाज, चिघळणं, आपोआप रक्त येणं, यातलं काहीही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बदलत असेल तर बाकीच्या चार खुणा जुळोत न जुळोत, डॉक्टरांकडं जायचं. ६ मिलिमीटरपेक्षा लहान आहे म्हणून थांबायचं नाही.

आणखी एक सोपी पारख. एका माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एकाच वळणाचे असतात. त्यात एखादा सगळ्यांहून वेगळा दिसला, इतर फिकट असताना हा काळाकुट्ट, किंवा इतर काळे असताना हा लालसर, तर त्याच्यावर बोट ठेवा.

एक प्रकार मात्र या पाच खुणांना चकवतो. तो गोल असतो, एकरंगी असतो, पण उंच, हाताला टणक आणि महिनाभर सतत वाढणारा. हा वेगानं खोल जातो. इथं पुढच्या अमावास्येची वाट बघायची नाही.

तळव्याचं आणि नखाचं वेगळं प्रकरण

तळव्यावरचा डाग लोक चार नावांनी झाकतात: कुरूप, भोवरी, काटा मोडलाय, चप्पल लागलीय. साधं कुरूप दाबल्यावर दुखतं, वरची कातडी घट्ट झालेली असते आणि रंग कातडीचाच असतो. काटा मोडला असेल तर दिवस आठवतो. काळा किंवा तपकिरी डाग, दुखत नाही, पण कडेनं पसरतोय, हे कुरूपाचं लक्षण नाही. मेडिकलमधून कुरूपाची पट्टी आणून त्यावर चिकटवण्याआधी निदान रंग तरी बघा. त्या पट्टीतल्या औषधानं वरची कातडी निघते आणि खालचं तसंच राहतं.

मेलानोमा नेहमी काळाच असतो असंही नाही. कधी तो गुलाबी, मांसल, ओलसर गाठीसारखा येतो. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला असं झालं की सगळे 'शुगरची जखम' म्हणून पट्ट्या करत राहतात. जखम कशानंही झालेली असो, नीट ड्रेसिंग करून, साखर आटोक्यात ठेवूनही दोन महिन्यांत भरत नसेल तर त्यातला तुकडा तपासायला पाठवायचा का, हा प्रश्न तुम्हीच डॉक्टरांना विचारा. जुन्या भाजल्याच्या व्रणावर पुन्हा जखम होऊन ती भरत नसेल तरी हाच प्रश्न. तिथं होणारा कॅन्सर वेगळ्या जातीचा, पण तपासणी तीच.

नखावर उभी तपकिरी रेघ आपल्या रंगाच्या माणसांत अगदी नेहमीची. दोन-चार नखांवर, वर्षानुवर्षं, बारीक आणि सारख्या रंगाची असेल तर सोडून द्या. काळजीची रेघ ती, जी एकाच नखावर नव्यानं आली आहे, बहुधा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, ३ मिलिमीटरहून रुंद आहे, मुळाशी जास्त रुंद आणि टोकाकडं अरुंद होत जाते, किंवा जिचा रंग नखाबाहेर आजूबाजूच्या कातडीवर उतरला आहे. ही शेवटची खूण दिसली तर दुसरं काही शोधत बसू नका.

ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं तरी नख काळंच दिसतं. दोन्ही ओळखायला घरी करता येण्यासारखं एक काम आहे. डागाच्या मुळाकडच्या कडेशी नखावर कानसपट्टीनं बारीक आडवी खूण करा, नाहीतर पट्टी लावून फोटो काढा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाच्या अंगठ्याचं त्याच्या निम्म्यानं. रक्त असेल तर नखाबरोबर ते पुढं सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं. महिना-दीड महिन्यात मागून स्वच्छ नख आलं नाही, तर 'बैलानं पाय दिला होता' ही आठवण कितीही खरी असली तरी दाखवायला जा. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजला गेला होता. १९७७ मध्ये तो मेलानोमा असल्याचं कळलं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो गेला.

पायावर संशयाचा डाग असेल तर त्याच बाजूच्या जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलंय का हे चाचपून बघा. हातावर असेल तर काखेत. पायाला साधी जखम असली तरी अवधाण येतं, त्यामुळं लगेच निष्कर्ष काढू नका, पण डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

फोटो काढायची रीत

'पहिल्यापेक्षा मोठा झालाय बहुतेक' या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग होत नाही. तारखेसकट दोन फोटोंचा होतो. सकाळी दारात किंवा खिडकीपाशी, थेट ऊन अंगावर न घेता, फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टर बंद करून काढा. एक फोटो लांबून, अंगावर डाग नेमका कुठं आहे ते दिसेल असा. दुसरा जवळून, शेजारी शाळेची पट्टी ठेवून, मिलिमीटरच्या रेघा वाचता येतील असा. फोन फार जवळ नेला की चित्र धूसर येतं. वीतभर अंतरावर धरून थोडं झूम करा. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात 'डावी टाच, ४ मिमी' एवढं लिहून ठेवलंत तर फोन हरवला तरी नोंद राहते. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. फोटोवरून कुणी 'काही नाही' म्हणालं म्हणून मात्र गप्प बसू नका.

माजी सैनिकांच्या घरात एक जुना पुरावा असतो. डिस्चार्ज बुकात ओळखीच्या खुणा लिहिलेल्या असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं आपल्या भागात अशी पुस्तकं घरोघरी आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिथं तीळ होता की नव्हता, एवढं तरी त्यातून कळतं.

जाळायचं नाही, बांधायचं नाही

चुना आणि कपड्याचा सोडा कालवून लावणं, बिब्ब्याचं तेल टेकवणं, मसाभोवती घोड्याचा केस बांधणं, उदबत्तीचा चटका देणं: हे सगळं आजही चालतं. यात्रेत, आठवडी बाजारात 'तीळ-मस काढून मिळेल' असं म्हणत बाटलीतलं तीव्र औषध काडीनं टेकवणारे बसतात. शहरात तेच काम जरा चकचकीत खोलीत होतं. पार्लरमध्ये मशीननं दोन मिनिटांत मस जाळून देतात.

भाजणं, व्रण, पू हे तोटे आहेतच. पण मोठा तोटा वेगळा आहे. जाळलेल्या तिळाचा तुकडा उरत नाही, आणि तुकडा नाही म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काही नाही. मेलानोमा असला तर त्याचा वरचा भाग जातो आणि मुळं आत वाढत राहतात. पुढं डाग पुन्हा आला की मूळ डाग किती खोल गेला होता हे कळायला मार्ग नसतो, आणि सगळे उपचार त्या खोलीवर ठरतात. म्हणून रंग असलेला, बदलणारा तीळ लेसरनं किंवा मशीननं जाळून घेऊ नये, अगदी पदवीवाल्याकडूनही, तपासणी झाल्याशिवाय. मानेवरचा लोंबता मस डॉक्टरांनी बघून जाळला तर हरकत नाही.

याच्या उलट बाजूची भीतीही आहे: 'लोखंड लागलं की पसरतं.' सुरीनं कापून तुकडा तपासल्यामुळं मेलानोमा पसरत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना हे पटवायला त्यांच्या सुनेला घाम फुटला होता. "चुना लावल्यावर लोखंड लागत नाही होय?" असं शेवटी सुनेनं विचारलं, तेव्हा कुठं त्या बसमध्ये चढल्या. रिपोर्ट साधा आला.

कुठं जायचं

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा फॅमिली डॉक्टरांकडून सुरुवात केली तर चिठ्ठी मिळते, आणि सरकारी आरोग्य योजनेसाठी ती लागते. पण मलम देऊन 'महिन्यानं या' म्हटलं तर बदलत्या तिळासाठी ते पुरेसं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचंय म्हणून स्पष्ट सांगा. बोर्डावर नुसतं 'स्किन क्लिनिक' न वाचता पदवी वाचा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल.

बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, त्यामुळं त्वचा, सर्जरी आणि तुकडा तपासणारा पॅथॉलॉजी हे तिन्ही विभाग एकाच आवारात मिळतात. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगलच्या लोकांना हेच सोयीचं. निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, अथणी-कागवाडहून मिरजेचं शासकीय रुग्णालय. हल्याळ-जोयडावाले हुबळी गाठतात. कॅन्सर निघालाच तर हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर संस्था आहे, बेंगळुरूला किदवाई, मुंबईत परळचं टाटा. बेळगावातही केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचं २०२५ च्या जानेवारीत उद्घाटन झालं. पण पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठायची काही गरज नाही.

खर्चाचं बघू. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. खासगी रुग्णालयात ती वापरायची तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, म्हणून सुरुवात सिव्हिलपासून केलेली बरी. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना द्यायचं २०२३ मध्ये ठरवलं. ती वापरायची असेल तर निघण्याआधीच, ज्या रुग्णालयात जायचंय तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करून कागदांची यादी घ्या. या योजना मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी असतात. ओपीडीतल्या छोट्या कापकामाचे पैसे त्यात बसतात का, हे काउंटरवर आधीच विचारा. माजी सैनिकांनी ईसीएचएस, म्हणजे त्यांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेऊन जावं.

बायकांना कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमधून राज्याच्या आत फुकट जाता येतं, शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे. राज्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. खानापूरहून बेळगावला किंवा बेळगावहून हुबळीला जाताना हे कामाला येतं. कोल्हापूरच्या आंतरराज्य गाडीत तिकीट काढावं लागतं. नवऱ्याला वेळ नाही, गाडीभाडं कोण देणार, या सबबींवर महिने काढणाऱ्या वहिनींना हे सांगा.

सोबत आधार, रेशन कार्ड, फोटो असलेला फोन, चालू गोळ्यांची पाकिटं. नखं कोरी, पाय धुतलेले. चालायला त्रास होत असेल तरी डागावर हळद, शेणखत, शाई, काहीही लावून जाऊ नका.

बेळगावात मराठीवर भागतं. हुबळीत कागदावर कन्नड असतं आणि रांगेत समोरची नर्स मराठी बोलेलच असं नाही. कन्नडमध्ये तिळाला 'मच्चे', बोलीत 'मच्ची' म्हणतात. 'मच्ची दोड्डदागेत्रि' म्हणजे तीळ मोठा झालाय, 'रक्त बर्तैत्रि' म्हणजे रक्त येतंय. एवढं सांगितलं की पुढचं हातवाऱ्यांवर होतं.

डॉक्टरांच्या खोलीत

कधीपासून आहे, कधीपासून बदलतोय, रक्त आलं का, आधी काही लावलं का, घरात कुणाला असं झालं होतं का, हे विचारतील. चुना लावला असेल तर लपवू नका. जळालेल्या कातडीमुळं चित्रच बदलतं आणि डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. दाखवायला आलेला डाग हाताला असला तरी पाय दाखवायला तयार राहा. लाज वाटणाऱ्या जागी डाग असेल तर बायकांनी बाई डॉक्टर आहेत का विचारावं, मोठ्या रुग्णालयांत बहुधा असतात.

डर्मोस्कोप नावाची दिव्याची भिंगासारखी वस्तू तिळावर टेकवून बघतात. सुई नाही, दुखणं नाही. तळव्याच्या कातडीवर ठशासारख्या उंच-सखल रेषा असतात. रंग खाचांत बसला असेल तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय, हे यातून दिसतं. नुसत्या डोळ्याला हा फरक कळत नाही.

यानंतर तीन वाटा. काही नाही म्हणून सोडतात; तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणून फोटो ठेवतात; नाहीतर काढून तपासू म्हणतात. दुसरी वाट मिळाली तर ती तारीख पाळा, लोक इथंच गळतात.

काढायचा असेल तर तो सगळा, भोवतीच्या साधारण २ मिलिमीटर चांगल्या कातडीसकट, पूर्ण जाडीचा काढणं बरं. तळव्यावर मोठा डाग असेल तर तेवढं शक्य नसतं, मग सगळ्यात संशयी भागाचा तुकडा घेतात. भुलीचं इंजेक्शन टोचताना चुणचुणतं, नंतर दुखत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका. काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. त्या बाटलीवर तुमचं नाव आणि जागा लिहिली का ते डोळ्यांनी बघा. छोट्या दवाखान्यात 'कशाला पाठवायचा, साधाच आहे' असं म्हणाले तर पाठवाच म्हणून आग्रह धरा.

टाके चेहऱ्यावरचे आठवड्याच्या आत, पायाचे दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर तळव्यावर भार नको, चिखल-पाणी तर अजिबात नको. म्हणून मृगाच्या तोंडावर सगळे म्हणतात, रोपलावणी होऊ दे, मग बघू. लावणीनंतर भांगलण येते, भांगलणीनंतर गणपती. बदलणारा डाग दोन आठवड्यांच्या आत दाखवा. कापायची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट इंग्रजीत असतो. त्यात 'नेव्हस' हा शब्द जंक्शनल, कंपाउंड किंवा इंट्राडर्मल यापैकी कशाहीसोबत असेल तर साधा तीळ. 'सेबोरिक केराटोसिस' म्हणजे वयाचा डाग. 'डिस्प्लास्टिक' किंवा 'एटिपिकल' असं काही असेल तर डॉक्टरांशी बसून बोला, कधी आणखी थोडी कातडी काढावी लागते. 'मेलानोमा इन सिटू' म्हणजे पेशी अजून वरच्या थरातच आहेत. पूर्ण काढला की बहुधा तेवढ्यावर मिटतं.

नुसतं 'मेलानोमा' लिहिलं असेल तर पुढं 'ब्रेस्लो' शोधा. ती खोली मिलिमीटरमध्ये असते आणि पुढचं बरंच काही तीच ठरवते. १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतीची १ सेंटिमीटर कातडी काढतात. १ ते २ मिलिमीटर असेल तर १ ते २ सेंटिमीटर, आणि २ मिलिमीटरच्या वर गेली तर २ सेंटिमीटर. खोली १ मिलिमीटरच्या वर असेल तर जांघेतली किंवा काखेतली पहिली लसिका गाठ (अवधाण येतं ती) तपासायची का हेही बघतात. ही शस्त्रक्रिया कॅन्सर सर्जनची. तीळ काढणाऱ्याच डॉक्टरांनी घाईत उरकायची नव्हे. घरातल्या सख्ख्या भावंडांना, मुलांना सांगा, त्यांचेही तीळ एकदा बघून घेता येतात.

दुसरं मत घ्यायचं असेल तर तुमच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या पॅथॉलॉजी विभागाकडून अर्ज देऊन मिळतात. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पुन्हा कापत बसण्याऐवजी आधी त्याच मागतात. अर्जाला रिपोर्टच्या कोपऱ्यातला बायोप्सी नंबर लागतो, तेव्हा मूळ कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कागद फाइलला लावा.